ॲप म्हणतं १४, पण ग्लासात किती?

पत्र, थोडक्यात:

‘मी ४१ वर्षांचा. नाशिकला अंबड एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, सात ते तीन. पुढचा आठवडा सेकंड, तीन ते अकरा. सोमवार ते शुक्रवार घरी रोज दोन पेग व्हिस्की, शनिवारी मित्रांबरोबर बसतो तेव्हा एक क्वार्टर, रविवारी दुपारी मटणाआधी स्ट्राँग बिअरची एक बाटली. कामावर कधी पिऊन गेलो नाही, घरात भांडण नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारं एंझाइम) वाढलेलं निघालं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. डॉक्टर “कमी करा” एवढंच म्हणाले. बायकोने मोबाइलवर एक परदेशी ॲप टाकून दिलं. तीन आठवडे नोंदी केल्या. आठवड्याचे १४ येतात आणि पट्टी हिरवीच राहते. मग कमी काय करायचं? पुढे नोंद करणंही सुटलं. मित्र म्हणतो, ॲप सोड, उद्यापासून एकदम बंद कर. आणि ॲपमधलं कंपनीला कळतं का?’

खाली पत्नीच्या दोन ओळी: ‘यांना न कळता जेवणातून द्यायच्या पावडरीची जाहिरात फेसबुकवर सारखी दिसते. मागवू का?’

नमस्कार,

तुमची पट्टी हिरवी का राहते ते आधी पाहू. निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

ॲपमध्ये तुम्ही रोजच्या दोन पेगचे दोन ‘ड्रिंक’ टाकले असणार, शनिवारचे तीन आणि रविवारच्या बाटलीचं एक. दहा, तीन आणि एक, झाले १४. अमेरिकेत पुरुषांसाठी आठवड्याला १४ ही मर्यादा बराच काळ सांगितली गेली, म्हणून पट्टी हिरवी. पण तिकडचं एक ‘ड्रिंक’ म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ब्रिटनमध्येही मर्यादा १४चीच आहे, मात्र तिथलं एक युनिट ८ ग्रॅमचं. आकडा तोच, पण अमेरिकेत त्याचे १९६ ग्रॅम होतात आणि ब्रिटनमध्ये ११२. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली १० ग्रॅमचं माप धरते आणि आपल्याकडचे डॉक्टरही बहुधा तेच वापरतात. तुमचा ६० मिलीचा पेग यांपैकी कुठल्याच मापात ‘एक’ भरत नाही.

हिशेब असा: मिली गुणिले अल्कोहोलची टक्केवारी गुणिले ०.७८९, कारण एक मिली अल्कोहोलचं वजन ०.७८९ ग्रॅम असतं. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के छापलेलं असतं. त्या हिशेबाने ६० मिलीत २० ग्रॅम, म्हणजे १० ग्रॅमच्या मापाने दोन युनिट; इथून पुढे युनिट म्हणजे १० ग्रॅमच. क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीत, ६१ ग्रॅम, सहा युनिट. स्ट्राँग बिअरच्या लेबलवर बहुधा ‘८ टक्क्यांपेक्षा जास्त नाही’ असं असतं, म्हणून ८च धरा: ६५० मिलीच्या बाटलीत ४१ ग्रॅम, चार युनिट. रविवारची ती एक बाटली म्हणजे दोन पूर्ण पेग. तोंडी हिशेबासाठी चार भागाकार पाठ करा. व्हिस्की, रम, फेणीच्या मिलींना ३०ने भागा, वाइनला १००ने, स्ट्राँग बिअरला १६०ने, माइल्ड बिअरला २५०ने. येईल तो आकडा युनिटचा.

तुमचा आठवडा असा होतो: रोजचे चार, पाच दिवसांचे २०; शनिवारचे सहा; रविवारचे चार. एकूण ३० युनिट, ३०० ग्रॅम. अमेरिकेच्या मापानेही हे मर्यादेच्या दीडपट आहे आणि ब्रिटनच्या मापाने अडीचपटीहून जास्त. पेग खरोखर ६० मिलीचा असेल, तरच एवढं.

तेही तपासून घ्या. एक संध्याकाळ बाटली न उघडता फक्त पाणी घेऊन बसा. ग्लास रोजचाच हवा, पाहुण्यांचा नको. स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर रिकामा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. आता रोज व्हिस्की जिथपर्यंत ओतता तिथपर्यंत, नेहमीच्या अंदाजाने, पाणी ओता. जितके ग्रॅम, तितके मिली. व्हिस्कीचंच वजन करू नका. ती पाण्याहून हलकी असते, आकडा कमी येतो. काटा नसेल तर मुलांच्या औषधाबरोबर येणारं मापाचं टोपण किंवा बिनसुईची १० मिलीची सिरिंज चालते. तीनदा ओता, सरासरी काढा. रुंद बुडाच्या ग्लासात ‘दोन बोटं’ सहज ८० मिलीच्या पुढे जातात. तसं निघालं तर तुमचे रोजचे दोन पेग पाच युनिटच्या वर गेले आणि आठवडा ३७च्या घरात. मोजून झालं की ६० मिलीच्या पातळीवर ग्लासाला बाहेरून पर्मनंट मार्करने रेघ मारा.

मग ॲपच्या सेटिंगमध्ये जा. देश किंवा युनिटचं माप बदलता येत असेल तर १० ग्रॅम ठेवा. स्वतःचं पेय घालायची सोय असेल तर तीन नोंदी करून ठेवा: ‘घरचा पेग’ (तुमचे मोजलेले मिली, ४२.८ टक्के), ‘क्वार्टर’ (१८०, ४२.८), ‘रविवारची बिअर’ (६५०, ८). मिली आणि टक्केवारी हाताने टाकू न देणारं ॲप तुमच्या कामाचं नाही, ते काढून टाका.

आता ‘माझं पिणं जोखमीचं आहे का’ हा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, गुण ० ते ४०. दिल्लीच्या एम्समधल्या व्यसनोपचार केंद्राने बनवलेल्या ‘अल्कोहोल वेब इंडिया’ या पोर्टलच्या गाभ्यालाही अशीच चाचणी आहे. पहिले तीन प्रश्न पिण्याचे: किती वेळा, एका बैठकीत किती, आणि एकाच वेळी सहा किंवा जास्त युनिट किती वेळा. तुम्ही पेग मोजून उत्तरं दिलीत तर पहिल्याचे ४, दुसऱ्याचे ०, तिसऱ्याचे ०: एकूण ४. युनिट मोजून, आणि पेग ८० मिलीचा निघाला असं धरून दिलीत तर ४, २ आणि ३: एकूण ९. माणूस तोच, आठवडा तोच. म्हणून ग्लास मोजल्याशिवाय कुठलीही ऑनलाइन चाचणी भरू नका. उरलेल्या सात प्रश्नांत सकाळी उठल्यावर प्यावंसं वाटणं, ठरवूनही न थांबता येणं, आदल्या रात्रीचं न आठवणं, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी काळजी व्यक्त करणं अशा गोष्टी येतात. तुमच्या डॉक्टरांनी ‘कमी करा’ म्हटलंय, त्याचेही गुण धरा. एकूण ८ ते १५ म्हणजे जोखमीचं पिणं, १६ ते १९ म्हणजे शरीराला अपाय होऊ लागल्याची शक्यता, २० किंवा जास्त म्हणजे अवलंबित्वाची शंका. १५पर्यंत ॲप आणि स्वतःची आखणी यांवर बरंच काम होतं. १६ ते १९ला ॲपबरोबर समुपदेशक हवा. २०पासून पुढे आधी डॉक्टर, ॲप नंतर.

यावरून मित्राच्या सल्ल्याकडे येतो. ‘उद्यापासून एकदम बंद’ हे ऐकायला निश्चयाचं वाटतं, पण रोज पिणाऱ्या काही जणांच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकतं. रोजच्या अल्कोहोलची सवय झालेला मेंदू ते अचानक थांबलं की उसळतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, धडधड, मळमळ, बेचैनी सुरू होते; पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते; दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भ्रम, भास, भान हरपणं. हे इच्छाशक्तीचं काम नाही, त्यावर औषध आहे आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. स्वतःला हे विचारा: सकाळच्या चहाचा कप धरताना हात हलतो का? एखाद्या दिवशी प्यायला मिळालं नाही तर दुपारपर्यंत घाम आणि चिडचिड होते का? सकाळी घोटभर घेतल्यावर बरं वाटतं का? पूर्वी कधी फिट आली होती का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर पुढची आखणी बाजूला ठेवा, पिणं एकदम थांबवू नका, आणि फिजिशियन किंवा मानसोपचारतज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा. चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर पायरीपायरीने उतरणं तुमच्यासाठी रास्त आहे. उतरताना यातलं काही दिसलं तर मात्र तिथेच थांबून दवाखाना गाठायचा. फिट आली, बोलण्यात असंबद्धपणा आला तर १०८.

ॲपने खरंच काही होतं का, हे तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण पत्रभर तीच शंका जाणवते. होतं, पण मर्यादेत. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली अशा डिजिटल साधनांचे ५७ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत ३४ हजारांहून अधिक माणसं होती. काहीच मदत न मिळालेल्या किंवा नुसती माहिती मिळालेल्या लोकांच्या तुलनेत साधन वापरणाऱ्यांचं पिणं आठवड्याला सरासरी २३ ग्रॅमने कमी भरलं. आपल्या मापात दोनाहून थोडे जास्त युनिट, एक पेग म्हणा. तुमच्या ३०चे नुसत्या ॲपने २८ होतील. त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट दिसली. पिण्याच्या जागी दुसरं काय करायचं हे सुचवणारी, अडचण कुठे येते ते शोधून तोडगा काढायला लावणारी, आणि विश्वासू जाणकाराच्या तोंडून बोलणारी साधनं जास्त उपयोगी ठरण्याकडे कल होता. बहुतेक ॲपांचा सगळा भर ‘इतके दिवस कोरडे’ या साखळीवर असतो. बारा दिवसांची साखळी एका शनिवारी तुटली की माणूस ‘मोडलंच आहे तर’ म्हणून ॲपच उडवतो. साखळीचा आकडा दिसणं बंद करता येत असेल तर करा, आठवड्याची बेरीज तेवढी पाहा.

तुमची नोंद तीन आठवड्यांनंतर सुटली, त्याचं कारण आम्हाला तुमच्या शिफ्टमध्ये दिसतं. ॲपची आठवण रात्री आठ-नऊला वाजते. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात त्या वेळी तुम्ही घरी असता. सेकंड शिफ्टला तेव्हा फोन लॉकरमध्ये आणि तुम्ही लाइनवर. रात्री पावणेबाराला घरी येऊन ग्लास भरता तेव्हा ती आठवण तीन तास शिळी झालेली असते. म्हणून ॲपच्या आठवणी बंद करा आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये स्वतः दोन लावा, दोन्ही ‘दर दोन आठवड्यांनी’ पुन्हा येणाऱ्या. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी ७.१० वाजता, सेकंडच्या आठवड्यात रात्री ११.०५ वाजता, लॉकर उघडल्यावर, बाइकला किल्ली लावण्याआधी. मजकूर तुमच्या शब्दांत लिहा आणि त्यात करायची गोष्ट सांगा: ‘आज मंगळवार, कोरडा. घरी जाऊन आधी आंघोळ.’ ‘प्रकृतीला जपा’ छापाचे संदेश चार दिवसांत डोळ्यांना दिसेनासे होतात. महिन्यातून एकदा वाक्य बदला, नाहीतर याचंही तेच होईल.

पहिले दोन आठवडे, म्हणजे एक फर्स्ट आणि एक सेकंड, काहीही कमी करू नका. फक्त नोंद करा. नोंद ग्लास भरताना करायची. सकाळी आठवून लिहिली की तिसरा पेग गळतो. ॲप उघडायचा कंटाळा येत असेल तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय आहे. ती चॅट वर पिन करा आणि एवढंच लिहा: ‘११.५० / ८० / घरी / झोप येत नाही’. वेळ, मिली, जागा, आणि अगदी आधी काय चाललं होतं. हा शेवटचा शब्दच पुढे उपयोगी पडतो. दोन आठवड्यांनी वरून खाली वाचलंत की ‘झोप येत नाही’ किंवा ‘भूक’ किंवा ‘कंपनीत ऑडिट होतं’ किती वेळा आलंय ते दिसेल.

नोंद खरी आहे का, हे पडताळायचे दोन मार्ग. दर रविवारी रात्री बाटलीचा फोटो काढा; दोन फोटोंमधला फरक आणि नोंदीतली बेरीज जुळली पाहिजे. दुसरा, यूपीआय ॲपमध्ये तीन महिन्यांचा इतिहास उघडून वाइन शॉप आणि परमिट रूमच्या रकमा बेरजेला घ्या. दुकानाच्या जागी मालकाचं नाव दिसतं, तेव्हा ते ओळखून शोधा.

आता उतरण. डॉक्टरांचा ‘कमी करा’ हा निरोप अर्धवट आहे, तो पूर्ण करून घ्या. त्यांना विचारा: किती आणि कधीपर्यंत? रक्त पुन्हा कधी तपासायचं? हिपॅटायटीस बी आणि सी तपासलंय का? वजन आणि साखरेमुळेही एसजीपीटी वाढतं, त्याचं काय? लिव्हर कडक होऊ लागलं असेल किंवा हिपॅटायटीस निघालं तर मर्यादेचा प्रश्नच उरत नाही, शून्य. नाही निघालं तरी आमचं मत स्पष्ट आहे: तुमचा रिपोर्ट पाहता पुढची रक्ततपासणी होईपर्यंत तीन महिने तरी शून्यावर राहणं उत्तम, आणि खालची उतरण शून्याकडे नेणारा जिना समजा. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२३मध्ये अल्कोहोलची कुठलीच पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असं जाहीर केलं आहे.

तिसरा आणि चौथा आठवडा: रविवारची बिअर बंद, शनिवारी क्वार्टरऐवजी मोजून दोन पेग, रोजचा पेग रेघेपर्यंतच. बेरीज ३०ची २४. पाचवा आणि सहावा: सोमवार ते शुक्रवारातले दोन दिवस कोरडे, बेरीज १६. सातवा आणि आठवा: उरलेल्या तीन दिवशी ९० मिली, म्हणजे तीन युनिट, त्याच्या वर नाही, शनिवारचे चार धरून १३. पुढे दर आठवड्याला एक पिण्याचा दिवस उडवायचा. घरात खंबा ठेवणं उतरणीच्या पहिल्याच दिवशी थांबवा. मोठी बाटली मिलीमागे स्वस्त पडते म्हणून आणली जाते आणि समोर असते म्हणून संपते. ९० मिलीची बाटली मिळत असेल तर पिण्याच्या दिवशी तेवढीच आणा. ती महाग वाटेल, पण संपली की संपली.

जागा कशाने भरायची, हे महत्त्वाचं. आपल्याकडे बहुतेक जण उपाशीपोटी, जेवणाआधी पितात, आणि चखण्याच्या खारटपणाने तहान वाढत जाते. हा क्रम उलटा करा. फर्स्ट शिफ्टला साडेसातला पूर्ण जेवण, भाकरी-भाजी-भात सगळं. पोट भरल्यावर ग्लासाची ओढ कमी होते; पिण्याचा दिवस असला तरी त्यानंतरच. हातात ग्लास धरायची सवय असते म्हणून त्याच ग्लासात ताक, कोकम सरबत किंवा लिंबू-सोडा घ्या. रविवारी मटण साडेबाराला वाढायला सांगा, बिअरची वेळ येण्याआधी.

सेकंड शिफ्टचा आठवडा जास्त अवघड आहे. तिथे तुम्ही झोपेसाठी पीत असणार. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण तिचा अंमल उतरू लागला की पहाटे झोप तुटते, घोरणं वाढतं, आणि दुसऱ्या दिवशी अंग जड राहतं. कोरड्या दिवसांची सुरुवात म्हणून फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात करा. सेकंडला कॅन्टीनमध्ये साडेसातला नीट जेवा, आठनंतर चहा नको, घरी आल्यावर कोमट पाण्याची आंघोळ, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिले काही दिवस झोप अधिकच बिघडेल. याच टप्प्यावर बरेच जण ‘मला हे मानवत नाही’ म्हणून मागे फिरतात, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. दोन आठवड्यांत सुधारली नाही तर डॉक्टरांशी बोला. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणू नका. दारूबरोबर ती श्वास मंदावते.

शनिवारच्या ‘बसू या का?’ला उत्तर आधीच टाइप करून ठेवा: ‘लिव्हरचा रिपोर्ट खराब आलाय, डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय. जेवायला येतो.’ हे खरं आहे आणि त्यावर वाद होत नाही. शुक्रवार दुपारपासून तो ग्रुप म्यूट करा. गूगलच्या जाहिरातींच्या सेटिंगमध्ये आणि फेसबुक-इन्स्टाग्रामवरही मद्याच्या जाहिराती कमी दाखवण्याचा पर्याय आहे, तो निवडा. सोड्याच्या नावाखाली येणाऱ्या जाहिराती त्यातून सुटतील, त्या दिसतील तशा लपवा.

एखाद्या दिवशी आकडा ओलांडेल. त्या दिवसाची नोंद पूर्ण मिलींसह करा, दुसऱ्या दिवशी उपास करून ‘भरपाई’ करू नका, आणि ठरलेला पुढचा दिवस ठरल्याप्रमाणे चालू ठेवा. सलग तीन आठवडे बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर राहिली तर ॲपला आणखी वेळ देऊ नका, माणूस गाठा. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून पाहिलं: ऑडिटचे १२ ते १९ गुण असलेल्या पुरुषांना, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांकडून चारपर्यंत भेटी. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले, तीन महिन्यांनी समुपदेशन घेतलेल्यांपैकी ३६ टक्के जण ८ गुणांच्या खाली आले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी २६ टक्के. तुम्हाला फोनवरून सुरुवात करता येईल: टेलि-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीतही, किंवा व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. ओढ कमी करणारी औषधंही आहेत, ती मानसोपचारतज्ज्ञ तपासून देतात.

काही ॲप ‘आता रक्तात किती अल्कोहोल’ असा आकडा दाखवतात. त्यावर भरवसा ठेवून बाइक काढू नका. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल पचवतं. रात्री साडेबाराला संपवलेली क्वार्टर सकाळी सहाला पूर्ण उतरलेली असेलच असं नाही. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे.

कंपनीला कळतं का? तुमच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या ईमेलने घेतलेल्या ॲपमधलं कंपनीला आपोआप कळत नाही. घोळ होतो तो तीन ठिकाणी: ॲप कंपनीच्या ईमेलने सुरू करणं, कंपनीने दिलेल्या किंवा कंपनीचं नियंत्रण-सॉफ्टवेअर असलेल्या फोनवर ते टाकणं, आणि कंपनीच्याच वेलनेस ॲपमध्ये नोंदी करणं. वेलनेस ॲप वापरायचं असेल तर एचआरला ईमेलवर विचारा: ‘माहिती नावासकट कंपनीला जाते की फक्त एकत्रित आकडे जातात?’ लेखी उत्तर येईपर्यंत वापरू नका. संपर्क, लोकेशन, मायक्रोफोनची परवानगी अशा ॲपला लागत नाही, ती नाकारा. डॉक्टर आणि समुपदेशकांचं वेगळं आहे: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम २३ने उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क तुम्हाला दिला आहे. ॲप कंपनीवर तशी डॉक्टरी जबाबदारी नसते, म्हणून नोंदीत नाव, कंपनी, सहकाऱ्यांची नावं लिहू नका.

ताई, आता तुमचा प्रश्न. पावडर मागवू नका. त्या डब्यांत काय असतं याचा पत्ता नसतो. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवण्यासाठी दिलं जाणारं एक औषध, असेल आणि त्यावर यांनी व्हिस्की घेतली, तर चेहरा लाल होणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं, हृदयाचे ठोके बिघडणं इथपर्यंत जाऊ शकतं. हे औषध डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करून. यांचं लिव्हर आधीच दुखावलेलं आहे. शिवाय एकदा जेवणात काही मिसळलं हे कळलं की तुमच्या हातचं ताटही संशयाचं होतं. ती जाहिरात दिसली की तिथेच ‘रिपोर्ट’ करा.

तुमच्याकडून हवी असलेली मदत वेगळी आहे. रोज तोंडाचा वास घेणं, फोन उघडून नोंदी वाचणं टाळा. पकडलं जाण्याची भीती आली की नोंदी खोट्या व्हायला लागतात. रविवारी रात्री, बाटलीचा फोटो काढून झाल्यावर, दहा मिनिटं दोघं बसा. ते तुम्हाला फक्त आठवड्याची बेरीज दाखवतील. आकडा ठरल्याइतका असेल तर तसं म्हणा. जास्त असेल तर ‘कुठला दिवस अवघड गेला?’ एवढंच विचारा आणि पुढच्या आठवड्यात त्या दिवशीचं जेवण अर्धा तास आधी ठेवा. तेवढ्यापुरता वजनकाटा त्यांना द्या, आणि पहिलं पाणी ओतताना शेजारी थांबा.